आधी प्रिंटर बघा

लोह्याचे माझे एक शिक्षक मित्र घरचे कॅबिनेट चादरीत गुंडाळून, मोटारसायकलवर मागे बसलेल्या मुलीच्या मांडीवर देऊन नांदेडला घेऊन आले. दुकानदाराने चादर सुटायच्या आतच निकाल दिला, "सर, याच्यावर इलेव्हन चढत नाही. कशाला उगं जीव टाकता, नवं घ्या की." सरांचे दुखणे वेगळे होते. याच दुकानदाराने दीड वर्षापूर्वी याच मशीनमध्ये नवी रॅम आणि एसएसडी बसवून दिली होती आणि ‘आता पाच वर्षं बघायचं काम नाही’ असे सांगितले होते.

दुकानदार दोन्ही वेळा खरेच बोलला होता. यंत्रात काही बिघाड नव्हता. बिघडली होती ती तारीख. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा-अपडेट देणे थांबवले. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून आणखी एक वर्ष ती मिळवता येतात, पण ही मुदतही ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे साधारण २०१७ च्या अखेरीनंतरचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. सरांचे मशीन २०१२ मधले असेंबल्ड. एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर दुसऱ्या पिढीचा आय३-२१२०. अशा मशीनवर विंडोज ११ जुगाड करून चढवणारे आहेत, पण तसे चढवलेल्या मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शाळेचे निकालपत्रक आणि घरचे बँकेचे व्यवहार एकाच मशीनवर करणाऱ्या माणसाला मी हा रस्ता दाखवणार नाही.

"मग लिनक्स टाकू या," मी म्हणालो.

"कोणतं?" सरांनी विचारले.

हा प्रश्न सगळेच पहिला विचारतात. इंटरनेटवर तर याच एका प्रश्नावर माणसे वर्षानुवर्षे भांडत आहेत. मी सरांना उलट विचारले, "घरी प्रिंटर कोणता आहे?" सरांना वाटले, माझे लक्ष नाही.

प्रिंटरकडे येण्याआधी दीड वर्षापूर्वीच्या त्या खर्चाचे काय झाले ते बघू, कारण लिनक्स चांगले चालेल की नाही हे निम्मे तिथेच ठरते. मूळ मशीनमध्ये २ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क होती. ही डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती तबकडीवर कुठे आहे तिथपर्यंत वाचणारा दांडा जायला आणि तबकडीचा तेवढा भाग फिरून खाली यायला मिळून दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. ऐकायला हे थोडे वाटते. पण संगणक सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचल्या जातात आणि दर फाइलीला हीच ये-जा. तलाठ्याच्या दप्तरात एकेका फेरफारासाठी दर वेळी कपाट उघडून गठ्ठा सोडावा लागतो, तसा हा प्रकार. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तीच माहिती ती मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर हाती देते. जुन्या मशीनला एकच सुधारणा परवडत असेल तर ती हीच करावी. प्रोसेसर बदलायच्या नादी लागू नये.

यात एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. एच६१ बोर्डावरचे साटा पोर्ट जुन्या, ३ गिगाबिटच्या वेगाचे असतात. डब्यावर सेकंदाला ५५० एमबी छापलेली एसएसडी तिथे निम्म्यावर येऊन थांबते. तोटा काही नाही, कारण फायदा लवकर सापडण्यात आहे, मोठ्या धारेत नाही. पण म्हणूनच अशा मशीनसाठी महागडी एसएसडी घेणे म्हणजे बैलगाडीला रेडियल टायर. साधी २४० किंवा २५६ जीबीची पुरते. जुन्या कॅबिनेटमध्ये तिच्यासाठी जागा नसते. पट्टी मिळते, नाही तर दुहेरी चिकटपट्टीने आतल्या पत्र्याला चिकटवली तरी चालते. ती हलत नाही, तापत नाही.

रॅमची फसवणूक मात्र मोठी आहे. एच६१ वर रॅमच्या दोन जागा असतात आणि तिथे डीडीआर३ लागते. ऑनलाइन बाजारात ८ जीबीची डीडीआर३ पट्टी कधीकधी फारच स्वस्त दिसते. खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते: फक्त एएमडीसाठी. इंटेलच्या बोर्डावर ती लावली की पडदा काळाच राहतो आणि माणूस बोर्ड गेला असे समजतो. त्यापेक्षा ४ जीबीच्या दोन साध्या पट्ट्या घ्याव्यात. जोडीने लावल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही त्याचा लाभ होतो, कारण त्याला स्वतःची वेगळी रॅम नसते. नांदेड-लातुरात जुनी डीडीआर३ नाही मिळाली तर सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये मिळते. आपली रेल्वेही तिकडच्याच मुख्यालयाच्या हुकमाने चालते, तेव्हा वाट काही अनोळखी नाही. भाव सांगत नाही. रॅमचा भाव सोयाबीनसारखा आहे, हे पुस्तक छापून येईपर्यंत बदललेला असेल.

आता प्रिंटर.

आपल्याकडच्या शिकवण्या, झेरॉक्सची दुकाने, संस्थांची कार्यालये आणि शिक्षकांची घरे यांत दोन काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरांचे राज्य वर्षानुवर्षे चालले: कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२०. दोन्ही मजबूत, दोन्हींचे टोनर कोपऱ्यावर भरून मिळते. पण दोन्हींची मेंदूची बाजू लंगडी आहे. महागड्या प्रिंटरला पान पाठवले की ते कसे छापायचे हे तो स्वतः ठरवतो. हे दोघे तसे नाहीत. पानाची सगळी आखणी संगणकाने करून द्यायची आणि यांनी नुसते छापायचे, म्हणून तर ते स्वस्त पडले. ती आखणी करणारा ड्रायव्हर कंपनीने मुख्यतः विंडोजसाठी लिहिला.

एचपी १०२० चे लिनक्सवर जमते. त्याला चालू केल्यावर दर वेळी एक छोटा प्रोग्राम संगणकाकडून भरवावा लागतो, कारण बंद केला की तो सगळे विसरतो. एचपीचेच लिनक्ससाठीचे सॉफ्टवेअर आहे, त्याची जास्तीची जोड एकदा उतरवून घेतली की हे काम ते परस्पर करते. कॅनन २९०० ची बोली ‘कॅप्ट’ नावाची, कंपनीची खासगी. लिनक्ससाठी ड्रायव्हर आहे, पण तो बसवायला निम्मा दिवस आणि बराच संयम लागतो आणि प्रणालीच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर पुन्हा बसवावा लागू शकतो. जाणकारांनी ती बोली उलगडून मोकळा ड्रायव्हरही लिहिला आहे. तोही वापरून बघावा, पण बोर्डाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री नको. टाकीतल्या शाईचे अलीकडचे बहुतेक इंकजेट प्रिंटर आणि नेटवर्कला जोडता येणारे लेझर प्रिंटर लिनक्स न विचारता ओळखते.

सरांकडे १०२० होता. म्हणून पुढे गेलो. २९०० असता तर मी त्यांना स्पष्ट विचारले असते: महिन्याला किती पाने छापता? पाच-दहा असतील तर पीडीएफ मोबाईलवर पाठवून झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा. दोनशे असतील तर लिनक्सचा विचार प्रिंटर बदलेपर्यंत पुढे ढकला.

प्रिंटर हे एक उदाहरण झाले. मुद्दा असा, की संगणकाला बाहेरून काय जोडता आणि कोणत्या एका प्रोग्रामशिवाय तुमचे अडते, ते आधी कागदावर लिहून काढा. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या आडत्याने विंडोज सोडू नये. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यानेही नाही. बोटाचा ठसा घेणारी यंत्रे आणि डिजिटल सहीचे टोकन यांची सगळी वहिवाट विंडोजवरची आहे आणि रांगेत माणसे उभी असताना तिथे प्रयोग करू नयेत. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनीही सध्या दूर राहावे, कारण त्यांचे सगळे साचे कोरल ड्रॉमध्ये आहेत. गंमत अशी, की याच कोरल कंपनीने १९९९ मध्ये स्वतःचे लिनक्स बाजारात आणले होते आणि पुढच्या वर्षी कोरल ड्रॉही लिनक्सवर आणले. दोन्ही टिकले नाहीत. टिकले असते तर आज वजिराबादेतल्या पत्रिकांच्या दुकानांत काय दिसले असते, हा विचार मला अधूनमधून येतो.

उरलेल्यांना लिनक्स चालते, आणि उरलेले पुष्कळ आहेत. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या मुलाला व्हिडिओ, पीडीएफ आणि अर्ज भरायला ब्राउझर लागतो. निवृत्त माणसाला बँक, पेन्शनचे कागद आणि नातवाशी व्हिडिओवर बोलणे लागते. सरांना निकालपत्रक, प्रश्नपत्रिका आणि यूट्यूब.

यूट्यूबवरून आठवले. जुने मशीन लिनक्सने पळू लागते, या म्हणण्यात एक पोकळी आहे. लिनक्स स्वतः कमी खाते हे खरे. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सुरू होऊन नुसती बसलेली असते तेव्हा साधारण एक जीबीच्या आत-बाहेर रॅम घेते. पण ब्राउझर तोच आणि वेबपानेही तीच. दहा टॅब उघडले की लिनक्सवरही तीन-चार जीबी जातात. २ जीबीच्या मशीनवर लिनक्स टाकून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे लोक म्हणूनच भेटतात. व्हिडिओचे आणखी एक आहे. दुसऱ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला एच.२६४ या जुन्या पद्धतीचा व्हिडिओ परस्पर उलगडता येतो. यूट्यूब मात्र हल्ली व्हीपी९ किंवा एव्ही१ पद्धतीने पाठवते. ते या ग्राफिक्सला समजत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा ओरडू लागतो. जुन्याच पद्धतीचा व्हिडिओ मागणारे छोटे एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकले, किंवा ७२० वर समाधान मानले, की पंखा शांत.

एवढे झाल्यावर सरांचा मूळ प्रश्न: कोणते?

लिनक्स हे खरे तर गाभ्याचे नाव. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या जानेवारीत हप्त्यांवर एक ३८६ संगणक घेतला आणि त्याच वर्षी त्याच्यासाठी हा गाभा लिहायला घेतला. ०.०१ ही त्याची पहिली आवृत्ती १७ सप्टेंबर १९९१ ची. १७ सप्टेंबर ही तारीख मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. शाळेत झेंडावंदन असते. आपले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तीन वर्षांनी, १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झाले. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका. पण लिनक्सची तारीख लक्षात ठेवायला बरा आहे.

या गाभ्याभोवती पडदा, खिडक्या, कार्यालयीन प्रोग्राम, अपडेटची व्यवस्था असे सगळे रचून कोणी एकत्र दिले की त्याला वितरण म्हणतात. गहू एकच, पण कोणी पोळी देतो, कोणी पुरी. शेकड्यांनी वितरणे आहेत, आणि इथेच नवखा गांगरतो.

माझे मत सरळ आहे: ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेल्या मशीनवर पहिल्यांदा लिनक्स टाकत असाल तर लिनक्स मिंट टाका आणि विषय संपवा. २००६ पासून ते चालू आहे, उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभे आहे आणि २०२४ च्या जुलैत आलेल्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ. विंडोज वापरलेल्या माणसाचा हात तिथे आपोआप जातो. त्याचे तीन अवतार आहेत. त्यातला एक्सएफसीई सर्वांत हलका आणि सिनॅमन सर्वांत देखणा. सरांच्या मशीनवर सिनॅमनही चालले असते, पण मी एक्सएफसीई टाकले. जुन्या ग्राफिक्सवर सावल्या आणि सरकणाऱ्या खिडक्यांची हौस करू नये.

मिंटच सुचवण्यामागे दुसरेही कारण आहे, आणि ते मला तांत्रिक कारणांपेक्षा मोठे वाटते. अडचण आल्यावर विचारायला माणूस लागतो. विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेतला किंवा विद्यापीठाच्या संगणक विभागातला एखादा विद्यार्थी ओळखीचा निघाला, तर त्याने उबंटू किंवा त्याच घराण्यातले काही हाताळलेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त. जे वितरण तुमच्या भाच्याला येते ते तुमच्यासाठी उत्तम. भाचा डेबियनवाला असेल तर खुशाल डेबियन टाका.

२ जीबीवरच अडकलेल्या मशीनसाठी एमएक्स लिनक्स किंवा त्याहून हलके अँटीएक्स बघावे. ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर वाट अरुंद होत चालली आहे: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिट पीसीसाठी वेगळा इन्स्टॉलर देणे बंद केले. कोअर टू ड्युओ मात्र ६४ बिटचाच आहे, त्यावर मिंट चालते. दुकानदार ‘फार जुना’ म्हणाला म्हणून तो ३२ बिटचा होत नाही. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी डेबियनवर बेतलेले ‘बॉस’ हे आपल्या सरकारी घरचे वितरणही आहे. मराठीची सोय त्यात चांगली, पण अडल्यावर उत्तरे शोधायला गेलात तर मिंटच्या मानाने फार थोडी सापडतात. म्हणून घरी नको. एखाद्या संस्थेने एकगठ्ठा घ्यायचे ठरवले आणि सांभाळायला माणूस नेमला, तर जरूर.

आता प्रत्यक्ष काम. दुसऱ्या मशीनवर मिंटची फाइल उतरवून घेतली; तीन जीबीच्या आसपास असते. उतरवल्यावर तिची बेरीज, म्हणजे संकेतस्थळावर दिलेली चौसष्ट अक्षरांची ओळखखूण, जुळते का ते बघावे. हा सोपस्कार वाटतो, पण २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्या संकेतस्थळात घुसून कोणीतरी एका आवृत्तीच्या जागी चोरदरवाजा असलेली फाइल लावली होती. म्हणून बेरीज ताडल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग रूफस किंवा एचर या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवायची. नुसती कॉपी केली तर मशीन त्यावरून सुरू होत नाही, आणि ही चूक प्रत्येक जण एकदा करतो.

सरांचे कॅबिनेट उघडले तेव्हा आत तेरा वर्षांची धूळ होती, आपल्याकडची ती तांबूस-काळी. ब्लोअर मारला, रॅमच्या पट्ट्यांची सोनेरी टोके खोडरबराने पुसली. मशीन सुरू केले तर बायोसमध्ये तारीख २०११ ची. मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. ही वीस-तीस रुपयांची गोष्ट न बदलता पुढे गेलात तर लिनक्स टाकल्यावर संकेतस्थळे धड न उघडण्याची भीती असते: ब्राउझर सुरक्षेची प्रमाणपत्रे तारखेवरून तपासतो आणि २०११ साली आजची प्रमाणपत्रे जन्मालाच आलेली नव्हती. माणूस मग वायफायला शिव्या देत बसतो.

बायोसमध्येच दुसरी एक गोष्ट बघायची. जुन्या बोर्डांवर साटाची पद्धत ‘आयडीई’ असू शकते. ती ‘एएचसीआय’ करावी, तरच एसएसडी मोकळी धावते. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर मात्र थांबा. ही एक कळ फिरवल्यावर जुने विंडोज सुरू होताना निळा पडदा दाखवते. पेन ड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी बूट मेन्यूची कळ बोर्डागणिक वेगळी: गिगाबाइट आणि डेलला एफ१२, एचपीला एफ९, असुसला एफ८, एमएसआयला एफ११.

मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालू होते, डिस्कला हात न लावता. लिनक्समधली मला सर्वांत आवडणारी ही सोय आहे आणि लोक घाईने ती वाया घालवतात. सरांच्या मुलीला आम्ही तिथेच बसवले. आवाज येतो का, वायफायचे डाँगल ओळखले का, पडदा पूर्ण भरतो का, यूट्यूब चालते का. अर्धा तास तिने सगळे वापरून बघितले. इथे जे चालले ते बसवल्यावरही चालते. जे अडले त्याचे उत्तर बसवायच्या आधी शोधायचे. प्रिंटर शेवटी. एचपीचे सॉफ्टवेअर जोड उतरवून घेऊ का विचारू लागले, होय म्हटले आणि चाचणीचे पान बाहेर पडले. तेव्हा कुठे मी ‘इन्स्टॉल’वर गेलो.

आणि लगेच थांबून मशीन बंद केले, कॅबिनेटमधल्या जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल उपसून काढली आणि मगच पुन्हा सुरू केले. सर बघत राहिले. त्यांना कारण सांगितले ते तुम्हालाही सांगतो. काही वर्षांपूर्वी लातूरला औसा रोडवरच्या एका नातेवाइकाच्या घरी मी असेच काम करत होतो. एक डिस्क ४८० ची, एक ५०० ची. इन्स्टॉलर त्यांना नावाने ओळखत नाही. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी अक्षरे दाखवतो आणि पुढे आकार. दोन आकडे जवळजवळ सारखे, रात्रीचे साडेअकरा झालेले. ‘डिस्क पुसून बसवा’वर मी कळ दाबली, आणि एका मुलीच्या बारशापासून चौथ्या वाढदिवसापर्यंतचे फोटो ज्या डिस्कवर होते तिच्यावर मिंट दिमाखात बसले. काही फोटो परत मिळवता आले. सगळे नाही. त्या घरी अजून मला चहा मिळतो, पण संगणक दाखवत नाहीत. जी डिस्क जोडलेलीच नाही ती पुसली जाऊ शकत नाही. इन्स्टॉलरमधल्या कितीही सूचना वाचण्यापेक्षा ती केबल काढणे सोपे आहे.

बाकी बसवणे म्हणजे पंधरा-वीस मिनिटे चहा पिण्याचे काम. ‘मल्टिमीडिया कोडेक’ समोर खूण करायची, ठिकाण कोलकाता निवडायचे, नाव आणि पासवर्ड द्यायचा. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. काही बसवताना किंवा अपडेट करताना लिनक्स तो पुन्हा पुन्हा विचारते आणि विसरलात तर ‘फॉरमॅट मारू’ म्हणणाऱ्याच्या हाती सापडता. दोन्ही प्रणाली शेजारी ठेवणाऱ्यांना एक चमत्कार दिसेल: लिनक्समधून विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे. भूत नाही. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवते, विंडोज त्याच घड्याळात आपली स्थानिक वेळ आहे असे धरून चालते, आणि आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे.

मराठीचे काय, हा सरांचा शेवटचा प्रश्न होता. कळपाटाच्या यादीत भारताखाली मराठी निवडले की इनस्क्रिप्ट लगेच मिळते. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायची पद्धतही आयबस या सोयीतून घेता येते. मी इनस्क्रिप्टच्या बाजूचा माणूस आहे: ‘दऱ्या’तला ऱ्य काढायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. पुढे हेच बोट विंडोजवर आणि शाळेच्या मशीनवरही चालते, कारण ती भारतीय मानकातली मांडणी आहे. फाँटमध्ये लोहित आणि नोटो देवनागरी असतात किंवा सहज मिळतात; मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचा ‘मुक्त’ फुकट उतरवता येतो आणि प्रश्नपत्रिकेत फार सुरेख दिसतो. सरकारी परिपत्रके मंगल फाँटमध्ये असतात. मंगल मायक्रोसॉफ्टचा, तो इथे नसतो. अक्षरे नीट दिसतात पण ओळी थोड्या सरकतात. म्हणून वर पाठवायचा कागद पीडीएफ करूनच पाठवावा. खरा गुंता जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या फायलींचा. सरांच्या २०१३ च्या प्रश्नपत्रिका उघडल्या तर सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ. त्या फाँटची फाइल जुन्या विंडोजमधून उचलून आणली तेव्हा वाचता आल्या. शिकायला काही हवे असेल तर मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे छोटे धडे मराठी आवाजात, फुकट आहेत. सरांच्या मुलीने त्यातले दोन-तीन बघितले आणि उरलेले स्वतःच शोधून काढले.

मशीन आता पाऊण मिनिटाच्या आत सुरू होते. वायफायचे डाँगल मधूनच झोपी जाते, ते काढून पुन्हा लावावे लागते. त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. बाकी तक्रार नाही.

जुनी हार्ड डिस्क नंतर जोडली, फोटो आणि कागद नव्या जागी कॉपी केले, आणि सर म्हणाले, "आता हिला पुसून टाकू, पाचशे जीबी मोकळे होतील." मी नको म्हणालो. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला: पत्नीच्या जातवैधता प्रमाणपत्राचे स्कॅन सापडत नव्हते. जुन्या डिस्कवर, डेस्कटॉपवरच्या ‘न्यू फोल्डर (३)’ मध्ये होते. तुमच्याही डिस्कवर असे एक फोल्डर आहे. तेव्हा लिनक्स कोणतेही टाका, जुनी डिस्क निदान दोन महिने पुसू नका.